नऊ हात ऑइलपेंट

मी एक जुना पुतळा आहे, मित्रांनो. पुतळा म्हणजे नुसतं डोकं. धड इटलीतच राहिलं. पाचशे वर्षांपूर्वी मायकेलअँजेलो नावाच्या शिल्पकारानं तिथं डेव्हिड नावाच्या तरुणाचा भलामोठा पुतळा घडवला. त्याच्या डोक्याची मी प्लास्टरची नक्कल. मुंबईच्या एका कारखान्यात साच्यात ओतला गेलो आणि सोलापूरच्या या चित्रकला विद्यालयात येताना कुर्डुवाडीला हमालानं आपटल्यामुळे कानाची पाळी गमावून बसलो. त्या हमालाला मी केव्हाच माफ केलं. पण धोंडप्पाला कसं करू?

धोंडप्पा आमचा शिपाई. माणूस सोन्यासारखा, पण हाती रंगाचा डबा आला की त्याला काही सुचत नाही. दरवर्षी तपासणी आली की दारं-खिडक्यांना लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट तो माझ्या तोंडाला फासतो. "लई चकाचक दिसतंय की!" असं म्हणून वर गालावर थाप. नऊ वर्षांत नऊ हात! माझं नाक बटाट्यासारखं झालं, ओठ बुजले, बुबुळं तर पार लिंपून गेली. अहो, माझ्याकडे बघून पोरं छायाप्रकाश शिकतात. या तुळतुळीत तोंडावर सावली पडणार कुठून? दिसते ती नुसती ट्यूबलाइट!

याची शिक्षा भोगली आयतनं. ही टेम्पोवाल्या इमामसाबची मुलगी. कोळशाच्या चार रेघांत माणूस उभा करील असा हात. पण पुतळ्यावरून चित्र काढायच्या पेपरात दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा समोर मीच होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंदा इमामसाब म्हणाले, "बेटा, हे शेवटचं. पुन्हा नापास झालीस तर शिक्षण बंद."

परीक्षेला दोन दिवस उरले आणि धोंडप्पा डबा घेऊन आला. या वेळी सोनेरी! पोटात गोळाच आला असता, पण पोट कुठाय मला?

आयत धावत आली आणि माझ्यापुढे आडवी उभी राहिली. "मामा, नका ना लावू!"

"आगं, परीक्षेला भायेरचं सायेब येणार हाईत. किती भकास दिसतंय ह्ये!"

"मामा, मॅडम दरवर्षी सांगतात ते ऐकलं नाही का तुम्ही? ह्याचा मूळ दगड आधीच्या दोन शिल्पकारांनी बिघडवून टाकलेला, किती वर्षं नुसता पडून होता. मायकेलअँजेलोनं त्यावर काही लावलं नाही, जास्तीचा दगड काढला. तेव्हा आतून हा निघाला. तुम्ही लावून लावून ह्याला परत आत घातलंत!"

धोंडप्पा भडकला. "नऊ वर्सं ह्याच्यापायी राबलो, आन् मीच वाईट व्हय?"

आयतनं माझ्या डाव्या डोळ्यावर नख लावलं. रंगाचा जाड टवका निघाला आणि खाली पत्त्यातल्या बदामासारखं कोरलेलं बुबुळ दिसलं. धोंडप्पा वाकून बघत राहिला. मग त्यानं डबा खाली ठेवला.

"आयला," तो हळूच म्हणाला, "ह्यो बघतोय की!"

दोन दिवस तो बांबूची काडी घेऊन माझ्यापुढे बसला. डावी बाजूच तेवढी मोकळी झाली. परीक्षेत आयत त्याच बाजूला बसली. खिडकीतून उजेड आला आणि नऊ वर्षांनी माझ्या नाकाची सावली माझ्या गालावर पडली. खरं सांगतो, रडू आलं मला.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर आधी तिचं काम काय, ते विचारा. माया करा, पण डबा घेऊन धावू नका. सोनेरी रंगानं आता आमच्या मुतारीचं दार चमकतंय, आणि ते त्याला शोभतंही.

निकालाच्या दिवशी आयत पेढे घेऊन आली. पहिल्या वर्गात पास! धोंडप्पा माझा उजवा कान खरवडत बसला होता. तिनं आनंदानं माझ्या डाव्या गालावर हात ठेवला, तसा तो केवढ्यांदा ओरडला.

"आगं, हात नको लावू त्याला! डाग पडंल की!"