पूजेत बसलेला जॅमर

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा, मथुरेचा तर मुळीच नाही. नळाला पाणी आलंय असं मी ओरडलो तरी ती आधी नळ सोडून बघते, मग बादली लावते. पण नात अडचणीत होती, म्हणून परवा तोंड उघडावं लागलं.

अक्षरा परवा हेब्बाळहून बसनं घरी आली. घरातली एकुलती एक स्कूटर तिकडंच राहिली होती. तिच्या ऑफिसशेजारच्या खासगी पार्किंगवाल्यांनी चाकाला जॅमर ठोकला होता. चाक म्हणे पिवळ्या रेघेच्या वीतभर बाहेर होतं. दंड पंधराशे. सकाळी दहाच्या आत भरा, नाहीतर गाडी गोदामात जाईल. पोरगी फोन उघडून पैसे भरायलाच बसली होती.

"थांब," मी म्हणालो. "त्या गोचिडांना दमडी देऊ नकोस. गेल्या खंडेनवमीला त्यांनी मलाही असंच धरलं होतं. एक रुपया न देता गाडी बाहेर काढली मी. कशी काढली ते ऐक, उद्या तूही तेच कर."

"तुम्ही? कधी बोलला नाहीत ते."

"किळस आली होती म्हणून. असलं जेवणाऱ्या माणसापुढं सांगू नये, आणि या घरात कोणी ना कोणी सदा जेवतच असतं."

मथुरा अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा. पण मीठ स्वल्प घाला, पोतं ओतू नका."

मी तिच्याकडं पाठ केली आणि सुरू झालो.

डोळे तपासायला गेलो होतो. गाडी तळघरात लावली. तळघर कसलं, जमिनीखाली सात मजले! तळच्या भिंतीला कान लावला तर हेब्बाळच्या तळ्यातले मासे कुजबुजताना ऐकू येतात. छतातून काळं पाणी ठिबकतंय, खांबाखांबावर पिचकाऱ्या, पायाखाली भिजून लगदा झालेले पुठ्ठे, आणि कोपऱ्यात तीन दिवसांचा ओला कचरा आपला आपण बुडबुडतोय. मी नाकाला रुमाल लावला तर रुमालालाच उलटी आली.

डॉक्टरकडून परत येतो तर चाकाला जॅमर. दंडाचा कागद सीटवर खळीनं डकवलेला. त्या खळीला आंबून गेलेल्या इडलीच्या पिठाचा वास. आणि तिच्यात अडकलेला कुणाचा तरी लांबच लांब केस.

"शी, आजोबा!"

"शंभरदा शी म्हण. तो केस मला अजून सांबारात दिसतो."

गुन्हा तुझ्यासारखाच, चाक रेघेबाहेर. वाकून बघितलं तर रेघ ओली! सणाला जागा छान दिसावी म्हणून त्यांनी गाड्या उभ्या असतानाच रंग मारला होता. ती रेघ माझ्या टायरवर चढून पलीकडं उतरली होती. गाडी रेघेबाहेर गेली नव्हती गं, रेघच गाडीखाली शिरली होती.

तक्रारीची खिडकी कचऱ्याच्या डब्यांमागं. आत प्रणीत नावाचा मॅनेजर. मराठी ऐकून मला बरं वाटलं, आपला माणूस निघाला. तर आपला माणूस जॅमरच्या चावीनं कान कोरत बसलेला. कोरायचा, चावीचं टोक निरखायचा, पँटला पुसायचा, आणि त्याच चावीनं मला कागदावरचा आकडा दाखवायचा.

"काका, लाइन म्हणजे लाइन. पॉलिसी आहे."

"अरे बाबा, रंग ओला आहे अजून."

"वाळेल ना. तुम्ही पेमेंट करेपर्यंत वाळेल. उशीर केलात तर तासाला शंभर वाढतील."

मला त्याच्या टेबलावरच ओकावंसं वाटलं. तेवढ्यात त्या दुर्गंधीत कापराचा वास आला. रखवालदार शिवाप्पा आरतीचं ताट घेऊन फिरत होता. हावेरीकडचा साधा माणूस. खंडेनवमीला ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या हत्याराची पूजा. सुतार करवत पुजतो, शिंपी कात्री. यांचं हत्यार कोणतं? जॅमर! शिवाप्पानं खोलीतले पुजलेच, चाकांना लावलेलेही सोडले नाहीत. माझ्या जॅमरला गंध, झेंडूची माळ, वर लिंबू. लोकांच्या मानगुटीवर बसणाऱ्या त्या लोखंडाला झेंडू! मी रुमाल पुन्हा नाकाला लावला. पण रुमालाआडून डोकं चाललं.

"शिवाप्पा, पूजेत बसलेलं हत्यार आज हलवायचं का?"

त्यानं जीभ चावली. "छे छे, अज्जा! उद्या दसऱ्याला उठवायचं. आज हात लावला तर वर्षभर धंदा बसतो."

"सरी, बरं. म्हणजे देव आज माझ्या चाकावर बसलाय. मग माझी स्कूटर काय झाली?"

शिवाप्पानं डोकं खाजवलं. "पाट झाली."

"देवाच्या पाटाला दंड लावतात का रे तुमच्याकडं?"

शिवाप्पा तिथंच हात जोडून उभा राहिला. प्रणीत ती घाणेरडी चावी घेऊन धावत आला, "काढ तो जॅमर, आत्ताच्या आत्ता!" शिवाप्पा चाकापुढं आडवा झाला. म्हणाला, साहेब, आधी हात धुऊन या. बाकीचे गाडीवाले जमले. त्यांच्याही चाकांवर देव बसले होते. चाळीस गाड्या, चाळीस पाट! कुणी नैवेद्य मागायला लागलं, कुणी समई. शेवटी प्रणीतनं सगळ्यांदेखत माझ्या सीटवरचा तो कागद नखांनी खरवडून काढला, केसासकट. मला चुरमुऱ्यांचा प्रसाद दिला, तो मी अर्थात खाल्ला नाही.

पण देव हलवायचा कसा? शिवाप्पाच म्हणाला, पालखी निघाली तर चालतं. मग काय, चाळीस जणांनी माझी स्कूटर खांद्यावर घेतली आणि सात मजले वाजतगाजत वर आणली. मी वर बसलो होतो. फाटकात कोहळा फोडला, शिवाप्पानं अक्षता टाकून देव उठवला, आणि जॅमर आपोआप सुटून खाली पडला!

"आपोआप," मथुरा शेंगांना म्हणाली.

"आपोआप. आणि आपल्या गाडीवर बसून मी ऐटीत घरी आलो. तेव्हा अक्षरा, उद्या दहाच्या आत हळद-कुंकू घेऊन जा, जॅमरची पूजा कर आणि शिवाप्पाला हाक मार. त्या कानकोऱ्याला पैसे देऊन आपले हात विटाळू नकोस."

अक्षरानं फोनवर धरलेलं बोट अजून मागं घेतलं नव्हतं.

"आजोबा, पूजेत बसलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही ना?"

"मुळीच नाही. तिथंच तर पकडलं मी त्यांना."

"मग खंडेनवमीला आपली स्कूटर हेब्बाळला गेली कशी? सकाळी मीच धुतली, मीच माळ घातली. आणि चावी दसऱ्यापर्यंत आज्जीच्या देव्हाऱ्यात होती!"

मथुरेच्या हातातली शेंग सुटली. अक्षरानं बोट टेकवलं, पंधराशे गेल्याचा टिंग आवाज झाला.

"खोटं, आजोबा! पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खोटं!"