सहीचं टार्गेट

नवं चेंबर कापून, तपासून झालं आणि एमेट क्लाइनचं मन खचलं. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात पॉइंट टूटू, म्हणजे बारक्या गोळीच्या, रायफलीचं काम करावं तर त्यानंच. नळीचं मागचं टोक लेथवर पेरभर कापायचं, काडतूस घट्ट बसेल असं चेंबर नव्यानं कोरायचं, रायफल शिकंज्यात आवळून पाच गोळ्या झाडायच्या आणि ते टार्गेट सही करून गिऱ्हाइकाला द्यायचं, ही त्याची रीत.

नेम चुकतोय म्हणून लॉयल स्टॉफरनं आणून दिलेल्या रायफलीच्या पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या. म्हणजे दोष रायफलीत नव्हताच. लॉयलचा हात थरथरत होता. परवा त्याच्या कॉफीचा कप बशीवर वाजताना एमेटनं ऐकला होता. बायको गेल्यापासून त्या बिचाऱ्याला क्लबातल्या शनिवारच्या नेमबाजीशिवाय होतं काय?

एमेटनं ते टार्गेट शेगडीत टाकलं, शिकंजा सैल केला आणि रद्दी काडतुसं झाडली. गोळ्या वाट्टेल तिकडे गेल्या. त्या दुसऱ्या टार्गेटवर त्यानं सही केली. उभ्या आयुष्यातली ही त्याची पहिली खोटी सही.

"नळी बिघडवली मी," तो लॉयलला म्हणाला. "माफ कर बाबा."

लॉयल कागद बघत राहिला, मग हसला. कितीतरी दिवसांनी. "म्हातारा झालास की रे एमेट! आणि मी आपला स्वतःलाच शिव्या घालत होतो." त्यानं रायफल उचलली. "बघू, व्हर्नला काही जमतंय का."

एमेटनं रायफलीवर हात ठेवला. पलीकडच्या गावातला रायफलीचा कारागीर व्हर्नही शिकंज्यातच तपासायचा; खोटं लगेच उघडं पडलं असतं. "राहू दे ती. मी नवी नळी बसवून देतो, फुकट."

"तू? आता नको रे बाबा," लॉयल म्हणाला आणि गेला.

गुरुवारी तो परत आला. रायफल आणि व्हर्नचं टार्गेट त्यानं टेबलावर ठेवलं. कागदावर भोक एकच होतं.

"व्हर्ननं काही कापलं नाही," लॉयल म्हणाला. "नुसती झाडून पाहिली. म्हणाला, एमेटनं इतकं सुरेख चेंबर आजवर कापलं नसेल."

एमेटनं खुर्ची पुढे ओढली.

"माझ्या हाताचं क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे?"

"लॉयल, बस जरा."

"म्हणजे आहे."

तो रायफल तिथेच ठेवून निघाला. दाराची कडी त्याला एका हातानं उघडेना. एमेट मदतीला उठला, तसा तो म्हणाला, "हात लावू नकोस," आणि दोन्ही हातांनी कडीशी खटपट करत राहिला.