जांभईला रकाना नाही

डायलिसिसच्या खोलीत ताईंसमोर जांभई द्यायची चोरी होती. खुर्चीतल्या कुणी जरा तोंड उघडलं, की ताई हातातलं काम टाकून तिथं हजर. मशिनचं पाणी ओढणं बंद, खुर्ची मागे, पाय वर, आणि मग विचारणार, "झोप आलीय की कसंतरी होतंय?" दहातल्या आठ वेळा ती जांभई साधी झोपेचीच असायची. उरलेल्या दोन वेळा रक्तदाब कोसळायच्या बेतात असायचा, आणि कोसळायचा नाही, कारण ताई आधीच पोचलेल्या असायच्या. अंगात साचलेलं पाणी मशिन ओढून काढतं, ते जरा झेपेनासं झालं की माणूस आधी जांभई देतो, मग पांढरा पडतो, मग मान टाकतो. हे ताईंना कुणी शिकवलं नव्हतं. सतरा वर्षं बघून बघून आलं होतं. त्यांच्या पाळीला कुणी मान टाकत नसे.

आणि नेमकं इथंच त्यांचं घोडं अडलं होतं.

त्याचं असं झालं. या हॉस्पिटलात नर्सचा पगार कशावर ठरतो, हे मेट्रनलाही एका दमात सांगता आलं नसतं. नोकरी किती वर्षं झाली, कायम आहे की करारावर, रात्रपाळ्या किती, विभाग कुठला, आणि या सगळ्याच्या वर, सर्टिफिकेट आहे का. ऑपरेशन थिएटरवाल्यांना विशेष श्रेणी, अतिदक्षतावाल्यांना विशेष श्रेणी, तान्ह्या बाळांच्या कक्षात तर श्रेणी आणि वर भत्ता. डायलिसिसवाल्या मात्र साध्या वॉर्डच्या पगारावर, कारण कधीकाळी कुणीतरी ठरवून टाकलं होतं की इथलं काम मशिन करतं. मशिन करतं म्हणे. त्या शहाण्याला एकदा चार तास खुर्चीत बसवायला हवं होतं, म्हणजे कोण काय करतं ते कळलं असतं.

यंदा एकदाची डायलिसिसला श्रेणी लागू झाली. पगाराच्या पाचव्या हिश्शाइतकी वाढ, दर महिन्याला. त्यासाठी बावीस रकान्यांचा फॉर्म. प्रत्येक रकान्यात एकेक काम, आणि ते काम होताना स्वतः बघून सर्टिफिकेटवाल्या नर्सनं 'सक्षम' लिहायचं, खाली सही करायची. फॉर्म आज पाचच्या आत ऑफिसात गेला पाहिजे. नाही गेला तर पुढच्या वर्षी.

सर्टिफिकेटवाली नर्स विभागात एकच होती. तिला सगळे वहीवाली म्हणत. चार वर्षांपूर्वी नवी आली तेव्हा सुई धरताना तिचा हात लटलटायचा. ताईंनी तिला हाताला धरून शिकवलं, आणि ताई जे जे बोलतील ते ही पोरगी एका निळ्या वहीत उतरवून घ्यायची, अगदी ताईंनी वैतागून काही म्हटलं तरी. मग ती मोठ्या हॉस्पिटलात वर्षभराचा कोर्स करून आली आणि आल्या दिवशी तिचा पगार ताईंच्या पुढे गेला. त्याच कोर्सला बारा वर्षांपूर्वी ताईंचं नाव निघालं होतं. तेव्हा लेक चार वर्षांची होती, वर्षभर बाहेर राहायचं म्हणजे जमणार कसं, म्हणून ताई नाही म्हणाल्या. त्या एका 'नाही'ची किंमत त्या अजून दर महिन्याला मोजत होत्या. आता वहीवाली ताईंची परीक्षा घेणार म्हटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत हसण्याला ऊत आला. ताईही हसल्या. आत तळपायाची आग मस्तकात गेली होती, ते कुणाला दिसलं नाही.

वाढ त्यांना कशाला हवी होती, तर रविवारसाठी. गेली सहा वर्षं त्या दर रविवारी दुसऱ्या एका दवाखान्यात जादा पाळी करत होत्या. नवरा त्यांना 'रविवारची फरारी' म्हणायचा. लेक आता सोळाची झाली होती, दोन वर्षांत शिकायला बाहेरगावी जाणार. ताईंनी एकदा कॅलेंडर घेऊन उरलेले रविवार मोजले, शंभर भरले, आणि त्या कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवून भांडी घासायला लागल्या. श्रेणी मिळाली की रविवार सुटणार होता. एवढंच होतं, पण त्यापायी दोन महिने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"एकवीस झाले," सकाळी वहीवाली फॉर्म बघत म्हणाली. "राहिला एकच. रक्तदाब अचानक पडल्यास तातडीची हाताळणी."

"ते मी तुला चार वर्षं दाखवतेय."

"तुम्ही पडायच्या आधीचं दाखवलंत, ताई. पडल्यानंतरचं तुमच्या हातून मी कधी बघितलंच नाही."

"म्हणजे माझ्या पाळीला कुणाचं पडत नाही, हा माझा गुन्हा."

वहीवालीनं खाली बघितलं. "मला कळतंय हो. पण न बघता सही करायची नाही, हे तुम्हीच..."

"माहितीये मला कुणी शिकवलं ते," ताई म्हणाल्या आणि ट्रे उचलून चालू लागल्या.

दुसरी एखादी असती तर डोळे मिटून सही ठोकून मोकळी झाली असती. आपणच या पोरीला इतकं सरळ कशाला केलं, असं ताईंच्या मनात आलं, आणि मग स्वतःचाच राग आला. दिवसभर त्यांचा पाय एका जागी ठरेना. धुतलेले हात पुन्हा धुतले. कापसाची पाकिटं मोजली, आकडा विसरल्या, पुन्हा मोजली. नवऱ्याचा मेसेज आला, 'झालं का?' तो त्यांनी वाचला आणि फोन खिशात टाकला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच मिटला.

सकाळच्या पाळीचे सहाही जण ठणठणीत उठून घरी गेले. एरवी ताईंना याचं केवढं समाधान असायचं. आज सहावा माणूस चपला घालून दाराबाहेर पडला तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दुपारचे सहा येऊन बसले, आणि ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत हिंडू लागल्या. दिसायला नेहमीसारखंच, पण आज त्या वेगळंच काही शोधत होत्या. कुणाचं तरी पडू दे. थोडंसं. मी आहेच ना इथं. हे आपल्याच मनात आलंय हे लक्षात आलं तेव्हा त्या औषधाच्या कपाटाशी उभ्या होत्या, आणि कपाट कशासाठी उघडलं ते त्यांना आठवेना. आपण इतक्या खालच्या थराला गेलो, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी नजर खुर्च्यांवरून हटेना.

पाचव्या खुर्चीत मास्तर होते. गणिताचे निवृत्त मास्तर, नऊ वर्षं आठवड्यातून तीनदा येणारे, सुई टोचताना सतराचा पाढा म्हणणारे. ताईंवर त्यांचा इतका विश्वास, की दुसरी कुणी सुई घेऊन आली की ते हात पांघरुणात लपवायचे. पावणेचारला ताई त्यांच्याजवळून जात होत्या, तेव्हा मास्तरांनी जांभई दिली.

लांब, खोल, डोळ्यात पाणी आणणारी. ताईंना बघताक्षणी कळलं. ही झोपेची नाही.

हात आपोआप मशिनकडे गेला. बोट बटणावर टेकलं, आणि तिथंच थांबलं.

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी वहीवालीला हाक मारली. आवाज अगदी साधा होता. वहीवाली पलीकडे एकाच्या हाताला पट्टी बांधत होती. "आले, ताई," म्हणाली. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा लाल काटा फिरत होता. मास्तरांनी दुसरी जांभई दिली. कपाळावर घाम आला. बोट बटणावर तसंच होतं. वहीवाली येऊन उभी राहिली, तेवढ्यात मास्तरांचे ओठ पांढरे पडले, पाढे म्हणणारं ते तोंड वाकडं झालं, आणि मान एका बाजूला कलंडली.

मग मात्र ताईंनी जे केलं ते कुणीही बघत राहावं असं होतं. पाणी ओढणं बंद, खुर्ची आडवी, पाय वर, सलाईन मोकळं, तोंडावर ऑक्सिजन, तोंड एका बाजूला, डॉक्टरांना निरोप, आणि सगळ्यात कुठं धांदल नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा अडुसष्टवर गेला होता. मास्तरांना उलटी झाली. पोटरीत गोळा आला तेव्हा शुद्ध नसतानाही ते कण्हले, आणि बाहेर बाकावर बसलेली त्यांची बायको काचेला हात लावून उभी राहिली. आकडा ऐंशीवर आला, मग पंच्याण्णव, मग एकशे दहा. मास्तरांनी डोळे उघडले. थोड्या वेळानं ताईंचा हात चाचपडत धरला आणि म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून वाचलो, सिस्टर."

ताईंनी हात सोडवून घेतला. चादर बदलायची होती.

साडेचारला वहीवालीनं बाविसाव्या रकान्यात 'सक्षम' लिहिलं आणि सही केली. तिचा चेहरा खुलला होता. "कोर्सला सुद्धा इतकं नीट कुणी दाखवलं नाही," ती म्हणाली. ताईंनी फॉर्म घेतला, घडी घातली. ऑफिस एक जिना उतरून डावीकडे. रविवार तिथं ठेवलेला होता, जाऊन उचलायचा फक्त.

"ताई, एक विचारू?" वहीवालीनं निळी वही उघडली. "जांभई आली की लगेच पाणी बंद करायचं, असं मी लिहून ठेवलं होतं. पण आज तुम्ही बटणावर बोट ठेवून थांबलात. म्हणजे आधी वाट बघायची का? किती वेळ? मी अंदाजानं दीड मिनिट लिहिलंय."

ताईंनी वहीत बघितलं. चार वर्षांपूर्वीच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'जांभई म्हणजे लगेच.' 'लगेच'वर आजच्या शाईची काट होती आणि वर बाण काढून 'दीड मि. थांबणे'.

ही पोरगी उद्या थांबेल. परवा थांबेल. ती ज्यांना शिकवेल त्या थांबतील. ताई स्टुलावर बसल्या.

"खोड ते," त्या म्हणाल्या.

"किती लिहू मग?"

"काही लिहू नकोस. थांबायचं नसतं. कधीच थांबायचं नसतं. मी थांबले ते तुला बोलवायला. तुला बघता यावं म्हणून. फॉर्मसाठी." त्या बोलत राहिल्या, कारण अर्धवट सांगितलं तर ही अर्धवटच लिहून ठेवेल. "मी माणूस पडू दिला, कळलं का? सावरला त्याचं कौतुक नको."

वहीवालीनं पेन उघडलं. मग तिनं वहीतली ओळ खोडली आणि 'लगेच' पुन्हा लिहिलं.

"आणि फॉर्मचं?" तिनं विचारलं.

"तू काय बघितलंस?"

वहीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी जांभई बघितली. तुमचं बोट बघितलं."

"मग तेच. न बघता सही करायची नाही, आणि बघून खोटी करायची नाही." ताईंनी घडी उलगडली आणि फॉर्म तिच्यासमोर सारला. वहीवालीनं 'सक्षम' शब्दावर रेघ मारली. डॉक्टरांच्या नोंदवहीत घडलेलं ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं, दीड मिनिटासकट. ते लिहून होईपर्यंत पाच वाजून गेले होते.

नोंद वाचून मेट्रननं दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि लेखी समज दिली. वाढीचा विषयच मिटला. घरी नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. रविवारी तो त्यांना दवाखान्यापर्यंत सोडायला आला. एरवी कधी यायचा नाही.

पण त्याआधी गुरुवारी मास्तर आले. ताईंनी सुई टोचली, पट्टी लावली, आणि तिथंच उभं राहून त्यांना खरं काय ते सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. खिडकीकडे बघत राहिले.

"किती वेळ थांबलात?"

"दीड मिनिट."

"नव्वद सेकंद," मास्तर म्हणाले. "मला बरेच जास्त वाटले."

एवढंच. ताईंना वाटलं ते आता दुसरी नर्स मागतील. मागितली असती तर त्यांचा हक्कच होता. पण मास्तरांनी डोळे मिटून घेतले, आणि तास-दीड तास ते तसेच पडून राहिले. ताईंनी स्टूल ओढलं आणि बाकीच्या खुर्च्यांच्या फेऱ्यांमधून वेळ मिळेल तशा त्यांच्या समोर येऊन बसत राहिल्या.

चार वाजता मास्तरांनी जांभई दिली.

"ही झोपेची आहे," ते डोळे न उघडता म्हणाले.

"असू दे," ताई म्हणाल्या. बटण त्यांनी केव्हाच दाबलं होतं.