चालवून बघितलेला गेम

आमच्या अक्षदाचं लग्न २००२ च्या मे महिन्यात झालं आणि त्याच वर्षी दिवाळीला जावयाने आम्हाला कंपुटर दिला. जावई पुण्यात एका हापिसात होते. हापिसातले जुने कंपुटर काढून टाकत होते, त्यांतला एक ते जीपमध्ये घालून आमच्या गावी, आळ्याला, घेऊन आले. सासऱ्याने जावयाला द्यायचं असतं. इथे उलटं झालं, म्हणून माझ्या बायकोने, सारजाबाईने, त्याच्यावर जुन्या लुगड्याचा धडपा टाकून ठेवला. कोणी विचारलं तर सांगायची, शिलाई मशीन आहे.

दिवाळीनंतर त्याचा माऊस बिघडला, म्हणून मी जुन्नरला गेलो. तिथे पेठेत मिश्रीलाल शेठचं कापडाचं दुकान आहे. अर्ध्या दुकानात शेठ गादीवर बसून धोतरं-लुगडी विकायचे आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांचा मुलगा हितेश कंपुटर विकायचा. हितेश माऊस बघत होता तोवर मी समोरच्या पडद्याकडे बघत बसलो. पडद्यावर एक गाव होतं. कौलारू घरं, विहीर, आणि विहिरीपाशी टोपीवाला माणूस. त्याच्या डोक्यावर एक चौकट, आणि चौकटीत चक्क मराठी अक्षरं.

मला अक्षरं उशिरा आली. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी पन्नाशीच्या पुढे होतो. वाचता येतं, पण एकेक अक्षर पायाखाली दाबून पुढचं धरावं लागतं. जगाला तेवढा दम नसतो. यष्टीची पाटी वाचायला लागावं तर यष्टी निघते. टीव्हीवर खाली अक्षरं येतात ती पळतच येतात. सारजा विचारायची, "काय लिव्हलं व्हतं?" आणि मी म्हणायचो, "काय न्हाई, जाहिरात." इतक्या वर्षांत तिच्या लेखी जगात सगळी जाहिरातच लिहिलेली होती.

त्या दिवशी मी वाचायला लागलो. या. पाहुणे. वि-हि-रीचं. हितेशने माऊस खोलला, पुसला, जोडला. चहा आला, चहा निवला. मी वाचत होतो आणि अक्षरं जागची हलली नाहीत. 'या पाहुणे. विहिरीचं पाणी गोड आहे.' शेवटचा शब्द झाला तरी तो टोपीवाला तसाच उभा होता, माझ्याकडे बघत.

"हे काय आहे रे?" मी विचारलं.

"गेम आहे बाबा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दोन पोरांनी मराठीत केलाय. काळदरीचा राजा. पण घेऊ नका. जुन्या पद्धतीचाय. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. लोकांशी बोलत हिंडायचं. राक्षस आला तरी तो एक फटका मारणार आणि थांबणार."

"थांबणार?"

"तुम्ही मारेपर्यंत. मंग तुम्ही थांबायचं. आता कोण खेळतं असलं? गाड्यांचा घ्या, सुसाट जातो."

"राक्षस किती येळ थांबतो?"

"सकाळपर्यंत थांबंल. म्हणून तर खपत नाही. हा एकच राहिलाय, तोपण सोमवारी पार्सलनं परत पाठवतोय."

मी घरी येऊन सारजाला सांगितलं की मला एक वस्तू घ्यायची आहे. सोमवारच्या आत.

"काय करती ती वस्तू?"

"गेम आहे. हितेश म्हणला चांगला चालतो."

माझी चूक ही की मी तो शब्द वापरला. आमच्या घरात चालणारी कुठलीही गोष्ट सावळेरामने बघितल्याशिवाय आलेली नाही. सावळेराम माझा मावसभाऊ, बेल्ह्याच्या बैलबाजारातला दलाल. बैल, गाय, शेळी, एकदा तर जावईसुद्धा त्यानेच बघितला.

"चालतो ना?" सारजा म्हणाली. "मंग सावळेराम भावजींना घिऊन जा. त्यांनी हा म्हणल्याबिगर दावणीला काय आणायचं न्हाई."

"अगं, ते जनावर न्हाई."

"मंग चालतंय कसं?"

दुसऱ्या दिवशी सावळेरामला घेऊन जुन्नरला गेलो. त्याने पागोटं नीट केलं, पडद्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "सोडा बाहेर."

हितेशने विचारलं, "नाव काय टाकू? माणसाला नाव द्यावं लागतं."

"कुंडलिक टाक," सावळेराम म्हणाला. "मालकाचं नाव लागू दे. नंतर भांडण नगं."

पडद्यावर हाताएवढी तलवार घेतलेला छोटा कुंडलिक उभा राहिला. सावळेरामने त्याला डावीकडे चालवलं, उजवीकडे चालवलं, माघारी फिरवलं. मान वाकडी करून पाय बघितले.

"मागचा पाय ओढतोय."

"त्याला दोनच पाय आहेत," हितेश म्हणाला.

"मंग दुसरा ओढतोय. दात दाखव."

हितेशने बापाकडे बघितलं. मिश्रीलाल शेठ गादीवरून शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक दात म्हणतंय तर बघ, कुठं बटण असंल."

बटण नव्हतं. सावळेरामने ते मनात ठेवलं. मग त्याला पडद्याच्या कडेला पूल दिसला. "पुलावरनं न्या. पुलाला बुजतंय का बघू. बुजणारं जनावर आपण घेत न्हाई." हितेश तेवढ्यात बापाला तागा उतरवून द्यायला उठला होता, म्हणून सावळेरामनेच बटण दाबलं. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारी उभी होती. तिच्या डोक्यावर चौकट आली.

"काय म्हणती?" सावळेरामने विचारलं.

मी वाचायला घेतलं. "पु. ला. पुला. व. र. पुलावर. जा..."

"झालं की! जा म्हणती," सावळेराम म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

चौकट गेली. तिच्यात अजून अक्षरं होती, ती मी शेपटीकडून जाताना बघितली. कुंडलिक पुलावर चढला. पुलाखालून काहीतरी अस्वलासारखं वर आलं. ते थांबलं. आमची पाळी होती, पण आम्हाला ते माहीत नव्हतं, म्हणून सावळेरामने "हट! हट!" करत पुन्हा पुढेच दाबलं. एका दणक्यात कुंडलिक आडवा.

सावळेराम मनातून हलला. इतक्या वर्षांत चाचणीत त्याच्या हातून जनावर दगावलं नव्हतं. तो तंबाखू थुंकायला बाहेर पायरीवर गेला. पायरीवर घोडेगावचे गेणभाऊ बसले होते, आमच्या ओळखीचे, धोतरजोडी घेऊन यष्टीची वाट बघत.

"काय राव, तोंड का उतारलंय?"

"कुंडलिक मेला," सावळेराम म्हणाला.

"आरं देवा! कसा?"

"पुलावर. म्हातारी जा म्हणली आन ह्यो गेला. अस्वलानं मारला."

गेणभाऊंची यष्टी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात राखुंडीने दात घासत होतो तेव्हा दारात जीप थांबली. तिच्यातून माझी थोरली बहीण कोंडाबाई उतरली. ती घोडेगावला दिलेली. तिच्यामागे भावकीतल्या बाया उतरतच राहिल्या, एका जीपमध्ये एवढ्या बसतात हे मला माहीत नव्हतं. कोंडाबाईने उतरताच हंबरडा फोडला. "आरं माझ्या कुंडलिका, सोडून गेलास रं!"

"आक्का, मी हितं आहे," मी तोंडातली राखुंडी थुंकून म्हणालो.

तिने मला बघितलं. पण रडण्याला एकदा सूर लागला की मधेच सोडता येत नाही, मागच्या बायांची पंचाईत होते. तिने ते कडवं पुरं केलं, डोळे पुसले, आणि मग माझ्या पाठीत धपाटा घातला. "मुडद्या! आख्खी जीप भाड्यानं आणली आन तू दात घासतूस?"

सावळेरामला बोलावणं गेलं. त्याने सगळं सांगितलं. कोंडाबाईने नीट ऐकून घेतलं. "मंजी कंपुटरात गेला. घरात न्हाई."

"कंपुटरात," सावळेराम म्हणाला.

"मंग सुतक कुणी धरायचं? जुन्नरकरांनी?"

एवढा वेळ सारजाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "धरायचं कुणी ते ऱ्हाऊ द्या. पर ज्यात माझा नवरा मेला ती वस्तू घरात येणार न्हाई. इषय संपला."

बाया माना हलवायला लागल्या. मी म्हणालो, मरू दे त्या कुंडलिकाला, माझं ऐक. पण काय ऐक ते मला सांगता येईना. अक्षरं थांबतात, हे तिला कसं सांगायचं? तिने विचारलं असतं, मग आजपर्यंत ती कुठं जात होती. इतक्या वर्षांच्या सगळ्या जाहिराती बाहेर आल्या असत्या. मी मनातल्या मनात पार्सल बांधलेलं बघितलं.

कोंडाबाईमुळे वाचलो. तिचं म्हणणं, जीप दिवसभराची सांगितली आहे, एवढं रडून आलो आहोत, तर निदान मढं तरी बघून जाऊ. सारजाही गाडीत बसली, हितेशला चार शब्द सुनवायला.

मिश्रीलाल शेठना वाटलं, लग्नाचा बस्ता आला. त्यांनी पाच-सहा लुगडी उलगडलीसुद्धा. बाया त्यांच्यावरून पलीकडे जाऊन पडद्यासमोर बसल्या. हितेशने आदल्या दिवसापासून तो गेम तसाच ठेवला होता. पडदा काळा होता आणि मधोमध पांढरी अक्षरं.

"वाचून दाखवतो," हितेश म्हणाला. "कुंडलिक धारा..."

"थांबा," सारजा म्हणाली. "तुमी नगा वाचू. ज्याचं मराण त्याला वाचू द्या."

मी पुढे सरकलो. आयुष्यात इतक्या माणसांसमोर मी कधी वाचलं नव्हतं. "कुं. ड. लि. क. कुंडलिक. धा. रा. ती..." पुढे 'थी'वर रफार होता. रफार मला आजही नडतो. मी थांबलो. पाठीमागे कोणाची बांगडीसुद्धा वाजत नव्हती. मला वाटलं आता चौकट जाईल, सवयच तशी. ती गेली नाही. "र्थी. धारातीर्थी."

"तीर्थाला गेलाय व्हय?" कोंडाबाई पुटपुटली.

"धारातीर्थी. प. ड. ला. पडला." कपाळावरचा घाम मी टोपीने पुसला. "पुन्हा. सु. रु. वात. सुरुवात. करा. करायची. का?" त्याखाली दोन शब्द होते. "हो. नाही."

सगळ्या बायांनी एकदम श्वास सोडला. सारजा अजून पडद्याकडेच बघत होती.

"पळून न्हाई गेलं," ती म्हणाली.

"काय?"

"लिव्हलेलं. घरी टीव्हीवर तुमी तोंड हालवता तवर ते पळतं. मी बगती ना. मला काय वाटलं, जाहिरातीला माणूस एवढं तोंड का हालवंल?"

मी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"ह्ये कायम असंच थांबतं?" तिने हितेशला विचारलं.

"हो आजी. तोच तर त्याचा दोष आहे."

"'हो' दाबा," सारजा म्हणाली, "आन बांधून द्या."

पाकिटावर किंमत छापलेली होती. हितेश ती दाखवायला गेला, पण सावळेरामने पागोट्याचा शेव सोडून शेठच्या हातावर टाकला होता. शेठ मारवाडातून आलेल्या घराण्यातले, पण बेल्ह्याच्या बाजारात भाव बोटं दाबून ठरवायची रीत त्यांना ठाऊक होती. दोघांची बोटं कापडाखाली बोलत राहिली. शेठ कळवळले, सावळेराम उठून जायला निघाला, बायांनी त्याला खाली बसवला, आणि शेवटी दोघं हसले. काय ठरलं ते सावळेरामने मला सांगितलं नाही. दात नसलेल्याचे कमी झाले, एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की सारजा शेंगा निवडायला कंपुटरसमोर बसायची आणि मी वाचायचो. पुलापाशी गेल्यावर म्हातारीचं बोलणं पुरं वाचलं. 'पुलावर जाऊ नका.' सारजा म्हणाली, "बघा. म्हातारी चांगली हाय. ऐकायचं तिचं."

मग आम्ही पुलावर गेलोच नाही. हितेश म्हणायचा, पूल ओलांडल्याशिवाय गेम पुढे जात नाही, राजा पलीकडे आहे. सारजा म्हणायची, राजाला गरज असंल तर त्यो यील. आम्ही अलीकडच्या गावातच राहिलो. विहिरीवरचा टोपीवाला, म्हातारी, एक लोहार, एक पोरगी जिची शेळी हरवली होती. शेळी पुलापलीकडे होती म्हणे. सारजा मला रोज त्या पोरीला भेटायला लावायची. तेच ते वाचून वाचून ती चार माणसं मला पाठ झाली, आणि पुढे पुढे रफार असला तरी मी अडेनासा झालो. तेव्हा ती म्हणाली, "आता सावकाश वाचा की. कुणी हाकलतंय का तुमाला?"

पाचएक वर्षं असं चाललं. सारजाबाई कुंडलिक औटी ११ फेब्रुवारी २००८ रोजी, सोमवारी सकाळी, आळे येथे राहत्या घरी वारली.