दीड कोसाचा चक्का

अर्जुनराव देशमुखांचं पोट साफ होत नव्हतं, आणि त्यामुळे आसपासच्या बारा गावांत कुणालाच सुख नव्हतं. मी त्रिंबक, त्यांचा हुजऱ्या. त्यांचा तांब्या, पानाचा डबा आणि शिव्या, हे तिन्ही माझ्याकडे असत. निजामाचं राज्य, तेव्हा पहिला मान हकिमाचा. तो हैदराबादेहून आला आणि कसलंसं गोड चाटण देऊन गेला. पाटोद्याच्या वैद्यांनी एरंडेल पाजलं. लिंबागणेशच्या गणपतीला एकवीस नारळ झाले. पण देवाकडे लोक केवढाली विघ्नं घेऊन येतात, त्या गर्दीत आमच्या मालकांचं विघ्न मागे पडलं असावं.

शेवटी कुणीतरी चतुराबाईचं नाव काढलं. डोंगरावरच्या धनगरवाडीत, गढीपासून दीड कोसावर ती राहायची. नवरा तात्याबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. घरी ही आणि हिची एकुलती एक म्हैस, चांदी. चांदीच्या दुधाचं दही लावायचं, संध्याकाळी फडक्यात बांधून आढ्याला टांगायचं, आणि रात्रभर पाणी निथळून सकाळी जो घट्ट गोळा उरतो तो चक्का. यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण त्या वाडीचा निम्मा संसार त्या फडक्यावर चालायचा. मेंढक्यांनी भाकरीवर चक्का आणि लसणाची चटणी घेतली की दिवस कलेपर्यंत भुकेचं नाव नाही. उन्हाने सोललेल्या पाठीला चक्का, तापातून उठलेल्याला गूळ घालून चक्का. खाली निथळलेल्या आंबट पाण्यात ती भाकरीचं पीठ मळायची, त्यातच केस धुवायची, आणि तरी उरलं तर तांब्यापितळेची भांडी घासायची.

पहिल्या दिवशी मालक घोडीवरून गेले. चतुराबाईने आधी घोडीकडे पाहिलं, मग मालकांच्या पोटाकडे.

"मालक, घोडी पुन्यांदा आनू नका. तिच्या वासानं म्हस बुजती, दूध चोरती."

"मंग आमी यावं कसं?"

"पायानं. रोज, दिस निघायच्या वक्ताला, अनशापोटी. चक्का फडक्यातून निघाला की उभ्या उभ्या खायचा. वारं लागलं की गुन गेला."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण सहा दिवस अडलेलं पोट माणसाला फार नम्र करतं. मालक रोज पायी जाऊ लागले. मागून मी, हातात तांब्या. आठव्या दिवशी चमत्कार झाला, आणि महिन्याभरात मालकांचा कमरपट्टा दोन बोटं आत गेला. त्या आनंदात ते कचेरीत जाऊन तहसीलदारसाहेबांना आपल्या पोटाची खुशखबर तपशीलवार सांगू लागले. साहेब तेव्हा जेवत होते.

सगळे खूश, मी सोडून. रोज पहाटे उठायचं, तीन कोसांची रपेट करायची, आणि पोट दुसऱ्याचं! टाचांना अशा भेगा पडल्या की त्यांत ज्वारी पेरता आली असती. एके दिवशी चढणीवर मी म्हणालो, "मालक, तुमी कशापायी तंगड्या तोडायच्या? म्हसच खाली आनू की."

मालक थांबले. माझ्याकडे प्रथमच माणूस म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी म्हैस सोडून आणायला मीच गेलो. 'थोड्या दिवसांसाठी' असं सांगायचा हुकूम होता. देशमुखांनी नेलेलं जनावर परत आलेलं आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं, हे चतुराबाईलाही ठाऊक होतं. दावं तिने माझ्या हातात दिलं. मग आत जाऊन शेवटचा चक्का भाकरीवर घालून घेऊन आली. "वाटंत खावा, दादा. उपाशी जाऊ नका." ती भाकरी मी खाल्ली, पण गोड लागली नाही.

गढीवर चांदीची बडदास्त राहिली. ढेप, सरकी, हिरवा चारा. आचाऱ्याने मलमलीत चक्का बांधला. मालक गादीवर लोडाला टेकून, साखर आणि जायफळ घालून वाटीमागून वाटी खाऊ लागले, उरलेलं मी. पाचव्या दिवशी मालकांचं पोट पुन्हा बंद. म्हणून चतुराबाईचं फडकं आणवलं. मग तिचं मडकं आणवलं. काही उपयोग नाही.

"हातगुन!" मालक एकदम ओरडले. "तिचा हातगुन हाय. तिरमक्या, जा बे, त्या बाईला घेऊन ये. ऱ्हाईल हितंच, मुदपाकखान्यात."

मी निघालो. आधी म्हैस, आता बाई. तात्याबा मेंढरं घेऊन परतेल तेव्हा रिकामं घर पाहील, आणि हे सगळं माझ्या टाचांपायी. लाज वाटली. अर्धी चढण चढलो आणि लाजेबरोबर पोटातही काहीतरी हललं. खरं सांगतो, म्हैस खाली आल्यापासून माझंही कुलूप होतं. मी तांब्या सावरून तरवडाच्या झुडपामागे धावलो. तिथे बसल्या बसल्या, जिवाला हायसं वाटत असताना, मला सगळा उलगडा झाला.

चतुराबाई दारातच होती. मी धापा टाकत म्हणालो, "चतुराबाई, चक्क्यात काय न्हाई! ही वाटच—"

"चक्क्यात हाय तर," ती तडकली. "थंड हाय, पोटाला धरून ऱ्हातो. पन गादीवर बसून कुनाचं पोट हाललंय का? मेंढरामागं हिंडनाऱ्याला कदी हे दुखनं पाह्यलंय तुमी?"

"मंग आधीच सांगायचं ना!"

"देशमुखाला म्हनू, की मालक, जरा चाला? तुमी म्हनता का?"

मी म्हणणार नव्हतो. पण रिकाम्या हाताने गेलो तर उद्या दुसरे चौघे येऊन तिला घेऊन जातील. तिच्या गोठ्यातला रिकामा खुंटा पाहिला आणि गढीवर परतलो.

"बाई कुठं हाय?" मालकांचा हात जोड्याकडे गेला.

"मालक, हातगुन तिचा न्हाई, बिरोबाचा हाय. म्हस, मडकं, फडकं आन् बाई, चारी एका जाग्यावर असल्याबगर गुन येत न्हाई. जागा देवानं दिल्याली. हलवली तर..." मी पुढचं पोटावर हात ठेवून दाखवलं.

धनगरांच्या बिरोबाचं नाव निघताच मालकांनी हातातला जोडा पायात घातला. देवाच्या नावाने खोटं बोलल्याचं पाप मला लागलं असेल. लागू दे.

चांदीला मीच वर नेऊन बांधलं, आणि म्हैस खाली न्यायची अक्कल माझीच होती हेही कबूल केलं. चतुराबाईने चांदीच्या कपाळावर कपाळ टेकवलं. दुसऱ्या दिवसापासून मालक पुढे, मी मागे, हातात तांब्या.

त्या पहिल्या सकाळी मालक उभ्या उभ्या चक्का खात होते. तिने मला दोन गोळे दिले, एक खायला, एक टाचांना लावायला. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "तिरमकदादा, पुन्यांदा तुमच्या डोस्क्यात काई आलं ना, तर गोठा डोंगराच्या पल्याड हालवीन. तीन कोस पडंल."

मी तांब्या खाली ठेवला आणि तिला दोन्ही हात जोडले.