हाकेला ओ

"थांबले! शुभे, थांबले बुडबुडे!"

रामाजींनी काठावरून पोरीच्या कमरेला बांधलेल्या दोराला हिसका दिला. खालच्या हिरव्या पाण्यातून शुभांगीचं डोकं वर आलं. तिनं तोंडावरचं पाणी पुसलं, विहिरीच्या पायरीला धरलं आणि चिडून विचारलं, "पुन्हा दम धरला ना मी?"

"धरला."

"कुठी?"

"अर्ध्यात. बुडातून निघाली तवा चांगले येऊन राह्यले होते. मंग एकदम बंद."

शुभांगीनं पाण्यावर थापटी मारली. दिवाळी तोंडावर आली होती, विहीर पावसाच्या पाण्यानं चांगली भरलेली होती आणि बापलेकीचा हा उद्योग चार दिवसांपासून चालला होता. जैनथच्या बसमधून उतरणारी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. चोवीस वर्षांची, डिग्री झालेली पोरगी विहिरीत बुड्या मारते आणि म्हातारा वरून बुडबुडे राखतो, यात बघण्यासारखं काय आहे हे कुणालाच कळत नव्हतं, पण बघत सगळे.

खरं तर रामाजींना बुडबुड्यांचा राग होता. पैनगंगेच्या काठच्या पाच-सात गावांत त्यांच्याइतका दमाचा माणूस नव्हता. कुणाची बादली विहिरीत पडो, कुणाच्या पाण्याच्या मोटारीचा फुटवॉल गाळात रुतो, निरोप रामाजींना. बुडी मारली की पाणी गपगार. वर उभ्या असलेल्यांचा जीव कासावीस होई आणि मग हे वस्तू घेऊनच वर येत. पोरीला त्यांनीच पाठीला रिकामा डबा बांधून पाण्यात सोडलं होतं. मंत्र एकच दिला होता : तोंड पाण्यात गेलं की दम धराचा. दम सुटला तर मानूस सुटला.

पोरीनं तो मंत्र असा घोटला की तोच आता तिच्या आडवा आला होता.

शुभांगी विशाखापट्टणमला होती. समुद्राच्या तळाशी साचलेला कचरा काढणाऱ्या एका संस्थेनं तिचं पोहणं बघून तिला ठेवून घेतलं होतं आणि पाठीवर हवेची टाकी बांधून खोल उतरण्याचं पक्कं शिक्षण देत होती. हे शिक्षण पुरं झालं की नव्या माणसांना पाण्याखाली न्यायची परवानगी मिळणार होती. बाकी सगळं तिला आलं. अडलं एकाच जागी. खोल पाण्यात हवेची नळी तोंडातून निघाली, तर थोडी थोडी हवा सोडत वर यायचं असतं. खाली छातीत घेतलेली हवा वर येताना फुगत जाते. तोंड मिटलेलं असलं तर फुप्फुस फाटतं. आणि शुभांगीची नळी निघाली रे निघाली की तिचं तोंड मिटायचं. तिला शिकवणारे अप्पलराजू सर भला माणूस. ते रागावले नाहीत. घरी जाऊन ये, म्हणाले, दिवाळीनंतर आणखी एकदा बघू. जमलं नाही तर बोटीवरचं काम तुझंच आहे, पण माणसांचे जीव तुझ्या हाती देता येणार नाहीत.

हे ऐकलं त्या दिवशी रामाजींना भाकर गोड लागली नाही. "म्हंजे माह्यी विद्याच तुह्या मुळावर उठली म्हन," ते म्हणाले. रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी दोर खांद्यावर टाकून सुधाकररावांच्या मळ्यात जाऊन उभे राहिले. गावातली सगळ्यात खोल विहीर त्यांची.

सुधाकररावांनी काही न विचारता मोटार बंद केली. कपाशीला पाणी हवं होतं, हे रामाजींनाही दिसत होतं.

"कपाशी?" त्यांनी विचारलं.

"कपाशी थांबते, रामाजी." मग सुधाकररावांच्या अंगची थट्टा उसळली. "पोरीले दम धराले तुमीच शिकवलं, आता सोडाले बी तुमीच शिकवा. सोयरीक जुळवनाराच काडीमोड कराले बसला!"

ते हसले, पण मोटार का बंद झाली ते दोघांनाही माहीत होतं. काही वर्षांपूर्वी सुधाकररावांचा धाकटा भाऊ पैनगंगेच्या पुरात बुडून गेला होता आणि रामाजींनी त्याला डोहातून काढून काठावर आणलं होतं. त्या भागाची रीत अशी, की बादली काढली तर सूपभर ज्वारी घ्यायची. माणूस काढला तर काहीही घ्यायचं नाही. त्या घरानं फक्त एक नवा कोरा दुपट्टा द्यायचा, उतरणाऱ्याला ओलं अंग पुसायला. सुधाकररावांनी लाल काठाचा दिला होता. रामाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, घरी नेला आणि त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी, आधीच्या दुपट्ट्यांवर ठेवून दिला. पेटीत असे पुष्कळ होते. एकाही दुपट्ट्यानं रामाजींनी कधी अंग पुसलं नव्हतं. ओल्या अंगानंच घरी येत.

तर पाचव्या दिवशी दुपारी बापलेक असेच हातपाय गाळून बसले होते. शुभांगी पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात.

"तुहे सर काय सांगते मंग?"

"सर सांगते, वर येताना 'आ' म्हनत या. आवाज काढला का हवा आपोआप सुटते. बाकीच्यायले जमते. मले खाली गेल्यावर ते ध्यानातच येत नाई, बाबा. तोंड मिटतेच."

"अन् तथी खाली तुमी काढता काय?"

"जाळे. फाटले का लोकं टाकून देतेत समुद्रात. ते तळाशी पडल्या पडल्या बी मासे धरतच राह्यते. कोनी काढत नाई, कोनी खात नाई, नुसते मरते. आमी ते कापून वर आनतो. बाकी पन्न्या, बाटल्या. आपल्या पैनगंगेच्या पुलावरून लोकं टाकते ना, ते बी गोदावरीतून त्याच समुद्रात जाते."

"म्हंजे आपल्याच गावचा कचरा उचलाले तुले एवढ्या दूर धाडलं म्हन मी."

शुभांगी हसली. मग म्हणाली, "एकडाव कासव होतं जाळ्यात. एवढं मोठं. मी कापलं जाळं."

"जितं होतं?"

"जितं."

"सोडलं?"

"सोडलं. गेलं ना पोहत."

रामाजी तिच्याकडे बघतच राहिले. आपण इतकी वर्षं पाण्यात उतरलो आणि जितं असं काही आपल्या हाताला कधी लागलं नाही, हे त्यांच्या मनात आलं. पोरीचा हेवा नाही वाटला. उलट बरं वाटलं.

तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून रुक्माबाईंची हाक आली. डोक्यावर भाकरीचं टोपलं, एक हात कमरेवर आणि आवाज असा की शिवारातली पाखरं उडावीत. "शुभेऽऽऽ!"

"ओऽऽऽऽऽ!" शुभांगीनं विहिरीतूनच ओ दिली. तिची ओ लहानपणापासून अशीच, लांबलचक. हाक मारणारा थकेल पण हिची ओ सरायची नाही. त्यावरून तिनं आईच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

रामाजी ताडकन उभे राहिले.

"शुभे, उतर खाली."

"भाकर तं खाऊ द्या."

"मंग खाजो. उतर. खाली गेली का मी दोर एकडाव हालवतो. दोर हालला म्हंजे म्या हाक मारली. तू ओ देत वर ये. मधात तोडाची नाई. घरी देते तशी."

शुभांगीनं पायरी सोडली. मग छाती भरून घेतली आणि खाली गेली. रामाजींनी दोर सोडला, सोडला, बुड लागल्याचं हाताला कळलं तसा एकदा हालवला. आणि सवयीनं तोंडानंही हाक मारली, "शुभेऽऽ!"

खालून बुडबुडे निघाले. बारीक बारीक, एकामागून एक, वर वर. अर्ध्यात आले. नेहमीची जागा आली. रुक्माबाई टोपलं डोक्यावर तसंच ठेवून काठावर उभ्या राहिल्या. बुडबुडे थांबले नाहीत. पाणी फुटलं आणि शुभांगीच्या तोंडातून ओचं शेवटचं टोक ऐकू आलं, "…ओऽऽ!"

"आली!" ती ओरडली. "बाबा, तुटली नाई ना?"

रामाजींनी मनगटानं डोळे पुसले. नदीकाठी माणूस बुडालं की घरची माणसं काठावर उभी राहून त्याच्या नावानं हाका मारतात. रामाजी पाण्यात उतरत तेव्हा त्या हाका त्यांच्या डोक्यावर चाललेल्या असत. आईच्या, बायकोच्या, भावाच्या. सुधाकररावांनी तर घसा फुटेपर्यंत मारल्या होत्या. कुणालाच कधी पाण्यातून ओ आली नव्हती.

"काऊन हो, काय झालं?" रुक्माबाईंनी विचारलं.

"ऊन लागलं डोयाले," रामाजी म्हणाले आणि दोर गुंडाळू लागले. मग पुन्हा सोडला. "आनखी एकडाव."

संध्याकाळपर्यंत पोरीची भाकर टोपल्यातच राहिली.

दिवाळी झाली, शुभांगी गेली. सुधाकररावांची मोटार पुन्हा चालू झाली. महिनाभरानं दुपारी फोन आला. रुक्माबाईंनी घेतला, दोन शब्द ऐकले आणि नवऱ्याच्या कानाला लावला.

"बाबा, झालं! सरायनं तीनदा नळी काढाले लावली. तिन्ही खेप ओ आली. सर म्हनते, हे कोनी शिकवलं? म्या सांगितलं, माह्या बाबानं."

"सरायले नमस्कार सांगजो. लय उपकार झाले म्हन त्यायचे."

"सांगतो. अन् ऐका ना. आज नवीन लोकं घेऊन गेली होती खाली. सर मांगं, म्होरं मी."

"किती जनं होते?"

"सहा."

"अन् वर?"

"सहा, बाबा. समदे."

इकडून आवाज आला नाही.

"बाबा? बाबाऽऽ!"

इतका वेळ आपण दम धरून बसलोय, हे रामाजींच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी तो सोडला. "ओ, माय," ते म्हणाले. मग विचारलं, "वर आल्यावर अंग पुसाले काय असते तथी?"

"टावेल हायेत. कमीच पडते."

फोन ठेवला आणि त्यांनी पेटी उघडली. एकेक दुपट्टा काढून खाटेवर ठेवू लागले. रुक्माबाईंनी हात धरला. "हे कायचे हायेत, ध्यानात हाये ना?"

"हाये. मले अंग पुसाले देल्ले होते लोकायनं. माह्याच्यानं पुसवलं नाई. आता पोरगी जितेजागते मानसं वर आनून राह्यली. त्यायले पुसू दे."

रुक्माबाईंनी हात सोडला. त्यांनी साबण घेतला.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोरीवर दुपट्टे वाळत होते. सुधाकरराव मोटारसायकलवरून चालले होते, ते थांबले. लाल काठावर त्यांची नजर गेली. रामाजी दारात बसले होते.

"समुद्रावर चालले," रामाजी म्हणाले. "पोरीकडं. तिच्यासंगं लोकं उतरते, वर येते. अंग पुसाले."

सुधाकररावांनी मान हलवली. लाल काठाच्या दुपट्ट्याचं एक टोक खाली मातीला लागत होतं. ते गाडीवरून उतरले, टोक उचललं, हातानं झटकलं, नीट दोरीवर टाकलं आणि गेले.