पूजा आधी, फोन मागून

लातूरच्या रुद्राणीबाईंची सकाळची पूजा दीड वर्षापासून फोनवरून तीनशे घरांत दिसायची. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळी विभूती, आणि समोर सून अक्षरानं हौसेनं आणून दिलेला फोनचा स्टँड. सुरुवातीला बाईंना संकोच वाटला, मग गोडी लागली. हळूहळू नजर लिंगावरून घसरून पडद्यावरच्या आकड्याकडं जायला लागली. लिंगाची चांदीची डबी ज्यात ओवलेली असते तो गळ्यातला शिवदारा विरत आला होता, तो बदलायचं महिनाभर मनात होतं. पण सकाळी बरोबर सातला मंडळी बघायला बसायची. दारा उद्यावर जायचा.

त्या दिवशी सासू-सून नांदेडला निघाल्या होत्या, बाईंच्या बहिणीकडं, शरणम्माकडं. चाकूरला बस दहा मिनिटं थांबली. बाई खाली उतरल्या, सगळ्यांना शरणार्थ म्हणत स्टँडावरचा एक व्हिडिओ काढला आणि परत येऊन बसल्या. अहमदपूर आलं तसा सवयीनं हात गळ्याशी गेला. गळा मोकळा होता.

लग्नाच्या आधीपासून लिंग कधी अंगावेगळं झालं नव्हतं. अक्षरानं सीटखाली बघितलं, पिशव्या उलट्या केल्या, मग सासूला धरून खाली उतरवलं.

"आत्या, पाणी तरी घ्या."

"लिंग अंगावर न्हाई अन् पाणी कसं उतरंल, बाई? माझंच चुकलं. लक्ष दुसरीकडंच होतं."

अक्षरानं सकाळच्या पूजेतला चांदीच्या डबीचा फोटो काढून पूजा बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. बसची वेळ लिहिली, चाकूरच्या स्टँडाचंही लिहिलं. मग दोघी परतीच्या बसची वाट बघत बसल्या.

अर्ध्या तासानं औशाहून अमृतरावांचा फोन आला. अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणाला खिळलेला हा माणूस रोज पूजा बघायचा, पण कधी एक अक्षर लिहायचा नाही. त्यांचे व्याही संगप्पा यांचं चाकूरच्या स्टँडावर हॉटेल होतं, अन् डबीचा फोटो अमृतरावांनी त्यांना पाठवला होता.

"ताई, घाबरू नका," अमृतराव अडखळत म्हणाले. "डबी घावली. संगप्पाच्या हॉटेलासमोर पेरू विकणाऱ्या बाईकडं हाय."

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि स्टँडावरच रडल्या.

चाकूरला ती पेरूवाली, केवळाबाई, टोपलीपाशी बसली होती. टोपलीत एका बाजूला पेरू सारून तिनं धुतलेलं फडकं अंथरलं होतं. त्यावर डबी, आणि डबीवर झेंडूचं फूल.

"तुमच्यातलं काय आसतंय ते मला ठाव न्हाई, माय," ती म्हणाली. "पण देव हाय एवढं कळलं. म्हून भुईला टेकू दिला न्हाई. इच्चारून राहिले सकाळधरनं, कुणाचं हाय कुणाचं हाय. मग संगप्पाअण्णांनी फोटू दाखवला."

रुद्राणीबाई तिच्या पाया पडायला वाकल्या. केवळाबाईनं त्यांना मधेच धरलं. "आवो, काय करून राहिलाव? मी लहान हाय तुमच्यापेक्षा."

"आज तूच थोरली, माय."

संगप्पांनी नवा दारा आणून दिला. स्टँडामागच्या मठात बाईंनी हातपाय धुतले, लिंग तळहातावर घेतलं. अक्षराचा हात सवयीनं पर्समधल्या फोनकडं गेला आणि तिथंच थांबला. तिनं फोन बंद केला. किती वेळ गेला ते बाईंना कळलं नाही. इतकी निवांत पूजा कित्येक दिवसांत झाली नव्हती. डोळे उघडले तेव्हा त्यांनी अक्षराच्या हातचं तांब्याभर पाणी प्यायलं.

लातूरला परतताना बसमध्ये अक्षरा हळूच म्हणाली, "आत्या, ग्रुप बंद करायचा का?"

"मी तेच म्हणणार होते. पण अमृतरावांचं काय? त्यांना बसता येत न्हाई, लिंग धरायला डावा हात उचलत न्हाई. अन् फोन नसता तर आज मी उपाशीच ऱ्हायले असते. ज्यानं उपकार केला त्याला घराभाईर कसं काढू?"

दुसऱ्या दिवसापासून सात वाजता दार लोटून पूजा व्हायची, फोन स्वयंपाकघरात. साडेसातला बाई फोनपुढं बसायच्या आणि प्रार्थना म्हणायच्या, सावकाश, अमृतरावांना मागून म्हणता यावी अशी. बघणारे कमी झाले. शंभर-सव्वाशे उरले असतील. बाईंनी ते अक्षराकडूनच ऐकलं.

दर सोमवारी पूजा झाली की त्या संगप्पांच्या नंबरावर फोन लावतात. संगप्पा रस्ता ओलांडून फोन केवळाबाईच्या हातात देतात. बोलणं फार नसतं. पेरू कसे चाललेत, गुडघा कसा हाय, जेवण झालं का, इतकंच.